चालती गाडी बंद पडते तेव्हा

सुरतच्या लिंबायत भागातल्या अनेक मराठी कुटुंबांची मुळं खानदेशात आहेत. दिवाळीला, लग्नसराईला त्यांच्या गाड्या धुळ्याच्या महामार्गाला लागतात. बारडोली, व्यारा, सोनगढ, नवापूर मागे पडलं की कोंडाईबारीचा घाट. त्या चढावर मागे ट्रकांची रांग असताना इंजिन बंद पडलं, तर जिवाशीच गाठ असते. त्यात दहा-पंधरा मिनिटांनी तीच गाडी एका सेल्फमध्ये सुरू होते आणि गॅरेजमध्ये तर कुरकुरही करत नाही. मग अंदाजाचा खेळ सुरू होतो. आधी बॅटरी बदलतात, मग प्लग, मग पंप. पैसे जातात, दोष तसाच राहतो.

असा दोष पकडायचा तर गाडी बंद पडली त्या क्षणी काय काय झालं, हे आधी विचारायला हवं. डॅशबोर्डचे दिवे आणि रेडिओसुद्धा गेला असेल, तर मुख्य वीजपुरवठाच तुटलेला असतो: बॅटरीचं ढिलं टर्मिनल, गंजलेलं अर्थिंग किंवा झिजलेला इग्निशन स्विच. दिवे चालू असतील, तर संशय सेन्सर, रिले किंवा इंधनपंपावर जातो. गाडी गिअरमध्ये पळत असतानाच आरपीएमचा काटा एकदम शून्यावर आला, तर इंजिनाचं फिरणं टिपणाऱ्या क्रँक सेन्सरचा संकेत तुटला असण्याची शक्यता मोठी. काटा वेगाबरोबर हळूहळू उतरला, तर इंधनाकडे बघावं.

हा क्रँक सेन्सर फार फसवा. काही गाड्यांत त्याच्या आत अतिशय बारीक तारेचं वेटोळं असतं. इंजिन तापलं की तारेतली सूक्ष्म भेग उघडते, संकेत थांबतो आणि ठिणगी कधी पाडायची, पेट्रोल कधी सोडायचं, हे गाडीतल्या संगणकाला कळेनासं होतं. गार झाल्यावर भेग मिटते, गाडी पुन्हा चालू. त्यामुळे थंड इंजिनावर केलेली तपासणी इथे कुचकामी. चांगला इलेक्ट्रिशियन गाडी तापवतो, वायरिंग हाताने हलवतो आणि तेव्हा स्कॅनरवरचे आकडे पाहतो. पी०३३५ हा कोड आला म्हणजे सेन्सरच गेला असं नव्हे. त्याच्या सर्किटमध्ये बिघाड आहे, एवढंच त्यातून कळतं. दोष वायरीत किंवा कनेक्टरमध्येही असू शकतो.

लिंबायतमध्ये कनेक्टर आधी उघडून बघावेत. मिठी खाडीचं पाणी पावसाळ्यात वस्तीत शिरतं, गाड्या त्यात उभ्या राहतात. पाणी ओसरतं, पण पिनांवर हिरवा गंज चढत राहतो आणि त्रास कधीकधी काही महिन्यांनी सुरू होतो. बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटसाठी कापलेल्या वायरींचे सांधे आणि उंदरांनी कुरतडलेलं वायरिंग हेही नेहमीचे संशयित.

साध्या मल्टिमीटरनेही बरंच समजतं. बंद गाडीची चांगली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, इंजिन चालू असताना आकडा साधारण १३.८ ते १४.५ च्या दरम्यान हवा. त्याहून बराच कमी असेल, तर अल्टरनेटर चार्ज करत नाही. तेव्हा नवी बॅटरी घालूनही गाडी पुन्हा थांबणारच.

काही वेळा चूक कारखान्यातच झालेली असते. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या काही गाड्यांचा इग्निशन स्विच धावत्या गाडीत आपोआप सरकायचा. इंजिन बंद, एअरबॅगही बंद. २०१४ मध्ये लाखो गाड्या परत बोलावल्या गेल्या. भरपाई निधीने १२४ मृत्यू या दोषाशी जोडले. भारतात मार्च २०२४ मध्ये मारुती सुझुकीने इंधनपंपाच्या मोटरमधल्या संभाव्य दोषामुळे ११,८५१ बलेनो आणि ४,१९० वॅगनआर परत बोलावल्या. त्या २०१९ च्या ३० जुलै ते १ नोव्हेंबर या काळात बनल्या होत्या.

धावती गाडी बंद पडली, तर किल्ली काढू नका, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. ते जड होईल, दोन्ही हातांनी धरा. ब्रेक पुन्हापुन्हा न मारता एकदाच घट्ट दाबा, हॅझार्ड दिवे लावून कडेला या. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा क्रमांक आहे. आणि गॅरेजला पैसे मोजण्याआधी आरसी बुकावरचा चेसिस नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून बघा. गाडी परत बोलावलेल्यांपैकी असेल, तर सदोष भाग कंपनी फुकट बदलून देते.