माजलगावचा गळा

१९९६ साली पुण्याच्या एका संशोधन संस्थेची माणसं टेपरेकॉर्डर घेऊन बीड जिल्ह्यातल्या माजलगावात, तिथल्या भीमनगर वस्तीत पोचली. जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करणं हे त्यांचं काम. गावोगावी त्यांना माहेर, भाऊ, लेक, सासुरवास, पंढरीचा विठ्ठल, वनवासातली सीता अशा विषयांवरच्या ओव्या मिळत होत्या. भीमनगरात बाया गायला बसल्या आणि ओव्या आल्या त्या बाबासाहेब आंबेडकरांच्या. राधाबाई बोऱ्हाडे, पार्वतीबाई भादर्गे, रंगूबाई पोटभरे, कमलबाई साळवे, वाल्हाबाई. मजुरी करून, लेकरं वाढवून, दळणकांडण करून गळा तयार झालेल्या या बाया. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देणाऱ्या नामविस्ताराला तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. त्या एका मागणीसाठी १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षं इथल्या दलित वस्त्यांनी काय सोसलं, ते मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. त्या सगळ्यानंतर या बायांच्या गळ्यातून जे आलं ते टेपवर उतरलं आणि आज कुणालाही ऐकता येतं. या घटनेचं मोल आपण नीट केलेलं नाही, असं माझं मत आहे.

गी पॉइट्व्हँ आणि हेमा राईरकर या दोघांनी हे काम उभं केलं. पॉइट्व्हँ मूळचे फ्रान्सचे. १९७२ मध्ये भारतात आले आणि पुढे इथलेच नागरिक झाले. मुळशीच्या डोंगराळ भागात गरीब डोंगरी संघटनेचं काम करताना त्यांच्या ध्यानात आलं की सभेत गप्प बसणारी बाई जात्याजवळ बसली की बोलते, आणि जे एरवी उच्चारता येत नाही तेही बोलते. ऐंशीच्या दशकात ओव्या गोळा करायला सुरुवात झाली. महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांमधून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल हे संगीत आणि संगणक दोन्ही जाणणारे अभ्यासक त्यांना येऊन मिळाले आणि ध्वनिमुद्रणाला पद्धतशीर रूप आलं. पॉइट्व्हँ २००४ मध्ये गेले, हेमाताई २०१० मध्ये. तो सगळा ठेवा पुढे पत्रकार पी. साईनाथ यांच्या ‘परी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने हाती घेतला आणि २०१७ पासून तो लोकांपुढे येऊ लागला. त्याच वर्षी त्यांचा गट माजलगावला पुन्हा जाऊन या गायिकांना भेटला.

ओवी गायची रीत ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. दोघी समोरासमोर बसतात, एकाच खुंट्याला दोघींचे हात. एक हात खुंट्यावर, दुसऱ्या हाताने वैरणीची मूठ जात्याच्या तोंडात सोडायची. एकीने ओळ उचलायची, दुसरीने ती झेलायची, फिरवायची, तिच्यात ‘बाई’, ‘सांगते’, ‘माझ्या’ असे शब्द पेरून ती लांबवायची आणि मग दुसऱ्या ओळीवर उतरायचं. लय ठरते पाळीच्या फेऱ्यावर. चालीला बाया ‘गळा’ म्हणतात. अमक्या गावाचा गळा वेगळा, अमकीच्या माहेरचा गळा वेगळा. गळा जुना, आईकडून, आजीकडून आलेला. शब्दही बहुतेक आलेलेच. दोन ओळींच्या मापात बसेल असं आपलं काही सुचलं तर ते त्यात मिसळायचं. ते दुसरीला आवडलं तर तिच्या तोंडी जायचं, लेकीबरोबर सासरच्या गावी जायचं. दहा वर्षांनी कुणाची ओवी कुणाची हे विचारायलाही कुणी उरत नाही.

हे फार जुनं आहे. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातल्या बाया कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे. ज्ञानेश्वरी १२९० ची. ज्ञानोबांच्या ओवी छंदाच्या आधीपासून तो छंद उखळाशी होता, हे मराठी साहित्याच्या इतिहासात पहिल्या पानावर छापायला हवं. परळीच्या शेजारी गंगाखेड, ते जनाबाईचं गाव. तिच्या अभंगांत विठ्ठल तिला दळू लागतो. बीड जिल्ह्यातलंच अंबाजोगाई हे मुकुंदराजाचं आणि दासोपंतांचं. दासोपंतांनी लांबलचक कापडावर लिहिलेली पासोडी तिथे आजही जपलेली आहे. ग्रंथ लिहिणाऱ्यांचं कापडही जपलं गेलं. दळणाऱ्यांचा आवाज मात्र त्यांच्याबरोबरच गेला, १९९६ पर्यंत.

इथे जरा अमेरिकेत जाऊन यावं लागेल. मला जे म्हणायचं आहे ते त्या वाटेने लवकर कळेल.

अलाबामा राज्यात टॅलाडेगा इथल्या अंध कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेत १९३९ च्या सुमारास काही मुलं एकत्र गाऊ लागली. ‘ब्लाइंड बॉइज ऑफ अलाबामा’ हे त्यांचं नाव पुढे जगभर झालं. चर्चमधली प्रार्थनागीतं ते गात. कृष्णवर्णीयांचं ते संगीत रविवारच्या चर्चमधून बाहेर आलं आणि त्यातून सोल संगीत जन्मलं. रे चार्ल्सने १९५४ मध्ये एका प्रार्थनागीताच्या चालीवर प्रेमगीत रचलं. देवाचं गाणं बाजारात आणलं म्हणून त्याच्यावर पुष्कळांनी टीका केली. सॅम कुक, अरीथा फ्रँकलिन हे सगळे चर्चच्या गायनातूनच आलेले. आणि साठ वर्षं गात आलेल्या ब्लाइंड बॉइजनी काय करावं? २००२ च्या ‘हायर ग्राउंड’ या संचात त्यांनी स्टीव्ही वंडर आणि कर्टिस मेफिल्ड यांची गाजलेली सोल गीतं गायला घेतली. चर्चमधून जे बाहेर गेलं होतं ते म्हाताऱ्या गळ्यांनी परत घरी आणलं. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी ‘अमेझिंग ग्रेस’ या प्रार्थनागीताचे शब्द ‘हाऊस ऑफ द रायझिंग सन’ या बदनाम वस्तीतल्या गाण्याच्या चालीवर गायले होते. चाल एकीकडची, शब्द दुसरीकडचे, आणि दोन्ही त्यांचेच.

त्याच्याही मागे, १८७१ मध्ये नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठातून मुलामुलींचा एक गट निघाला. गुलामगिरी संपून फार वर्षं झाली नव्हती आणि विद्यापीठाकडे पैसा नव्हता. फिस्क ज्युबिली सिंगर्सनी आईबापांची, मळ्यांतल्या गुलामांची गाणी गावोगाव गायली, इंग्लंडात राणी व्हिक्टोरियासमोर गायली आणि त्या पैशावर विद्यापीठाची इमारत उभी राहिली. सुरुवातीला त्यांना ही गाणी परक्यांपुढे गाण्याचा संकोच वाटे. ती त्यांच्या वडीलधाऱ्यांची पवित्र ठेव होती.

ही माणसं आणि माजलगावच्या बाया एकमेकांना ओळखत नव्हती. पण दोन्हीकडच्या दुःखांची ओळख असलेला एक माणूस होता. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, हार्लेमच्या शेजारी. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं आणि दोन्ही समाजांच्या स्थितीतलं साम्य सांगितलं. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली ती तिकडच्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. तरुण कवींनी तिकडून स्फूर्ती घेतली हे आपल्या समीक्षकांनी पुष्कळ लिहिलं. त्याच काळात वस्तीतली बाई जात्यावर तेच काम तिच्या पद्धतीने करत होती, त्याबद्दल मात्र फारसं लिहिलं गेलं नाही.

तिचं काम असं. गळा तोच, विठ्ठलाच्या ओवीचा. माप तेच. पहिली ओवी अमक्याला, दुसरी तमक्याला अशी देवांना ओव्या वाहत मोजत जायची जी जुनी रीत, तीही तीच. फक्त त्या मोजणीत आता बुद्ध, धम्म, संघ आणि भीमराव आले. सीतेच्या वनवासाच्या ओव्या मराठवाड्यात किती भरभरून आहेत हे ना. गो. नांदापूरकरांनी ‘मऱ्हाठी स्त्रीरचित रामकथा’ या ग्रंथात दाखवलं आहे. ज्या आतड्याने बाया सीतेला गात, त्याच आतड्याने त्या बाबासाहेबांच्या पत्नी रमाईला गाऊ लागल्या. सीतेच्या जागी रमाई बसवली असं म्हणून हे संपत नाही. सीता राणी होती. रमाई गोवऱ्या थापणारी, नवरा सातासमुद्रापार शिकायला गेलेला, लेकरं दगावलेली आणि १९३५ मध्ये स्वतःही गेलेली. गाणारीला तिच्याकडे मान वर करून पाहायचं नव्हतं. ती शेजारीणच होती.

आणि बाबासाहेब? भीमाच्या ओव्यांत ते कधी भाऊ असतात, कधी बाप. त्यांचा कोट, चष्मा, पेन, मोटार, विमान, दिल्ली, कायदा हे सगळं दोन ओळींत येतं. ज्यांनी त्यांना कधी पाहिलं नाही अशा बायांनी हे रेखलं. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात, तिथे बाबासाहेबांच्या सभा होणं सोपं नव्हतं. ३० डिसेंबर १९३८ ला मक्रणपूरला भाऊसाहेब मोरे यांनी परिषद भरवली, तो मराठवाड्याच्या चळवळीतला मोठा दिवस. १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय निघालं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धर्मांतर झालं आणि दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. अक्षर न येणाऱ्या बाईपर्यंत हे जलशांतून, जयंतीच्या मिरवणुकांतून आणि ओव्यांतून पोचलं. भीमराव कर्डकांचे जलसे, वामनदादा कर्डकांची गाणी यांनी वस्त्या जाग्या केल्या, यात शंकाच नाही. पण जलसा रात्रीचा, वर्षातून कधीतरी. ओवी रोज पहाटेची. रोज दोन-तीन तास हात फिरवताना जे तोंडी असतं ते हाडात मुरतं. लेकरू मांडीवर किंवा शेजारी झोपलेलं असायचं, त्याच्या कानावर पहिलं नाव तेच पडायचं. आंबेडकरी चळवळीचा प्रसार कुणी केला याचा हिशेब मांडताना दळणारी बाई पहिल्या रांगेत धरावी लागेल.

दुसऱ्याचं गाणं पुन्हा गाणं हे आपल्याकडे हलकं समजलं जातं. नवं रचलं तो कवी, जुनं गायलं तो गाणारा, आणि चार बाया मिळून जुनं गायल्या तर ते लोकसाहित्य, म्हणजे कुणाचंच नाही. ब्लाइंड बॉइजना पुन्हा गायल्याबद्दल ग्रॅमी मिळालं, त्यांची नावं संचावर छापली गेली. आपल्याकडे साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या जमवल्या, इंदिरा संतांनी ‘मालनगाथा’ दिली. ही कामं थोर आहेत, त्यांच्याविना आपण कंगाल राहिलो असतो. तरी अशा संग्रहांत बहुतेक ठिकाणी ओवी आहे आणि बाई नाही. आवाज तर छापता येतच नव्हता. पॉइट्व्हँ आणि राईरकरांच्या कामाचा मोठेपणा मला इथे वाटतो. त्यांनी ओवीपुढे गाणारीचं नाव लिहिलं, गाव लिहिलं, तालुका लिहिला. ‘लोक’ या शब्दामागे लपलेली राधाबाई बोऱ्हाडे समोर आली. जिचे शब्द अर्धे आजीचे आणि गळा पूर्ण आजीचा, तिलाही गाण्यावर हक्क आहे हे त्या नोंदीने मान्य केलं. गाताना ती कुठे थांबते, कोणता शब्द दोनदा घेते, कुठे दुसरीच्या तोंडून ओळ हिसकून घेते, हे तिचं स्वतःचं आहे. तेवढंच ब्लाइंड बॉइजचं होतं.

जातं मात्र थांबलं. विजेची गिरणी आली आणि बायांच्या खांद्यांवरचं ओझं उतरलं. त्याबद्दल हळहळ वाटायचं काही कारण नाही. पहाटे तीनला उठून दळणं ही शिक्षा होती आणि ओव्यांमध्येच ते शेकडो वेळा सांगितलेलं आहे. लग्नात हळकुंड बांधून हळद दळण्यापुरतं जातं उरलं. खुंटा हातात नसला की पुष्कळ म्हाताऱ्यांना ओव्या आठवत नाहीत, खुंटा धरला की एकीतून दुसरी निघते. भीमाच्या ओव्या थोड्या जास्त तगल्या, कारण त्यांना १४ एप्रिल होता, ६ डिसेंबर होता, विहारात जमणाऱ्या बाया होत्या. गाण्याला जात्याबाहेर जागा मिळाली. बीड जिल्ह्याच्याच शाहीर मीरा उमाप डिमडीवर थाप देत भीमगीतं गातात, तेव्हा त्या आवाजामागे ही पहाटेची तालीम आहे हे जाणकाराला ऐकू येतं.

पण ऐकणाऱ्यांची संख्या बघा. बीड म्हटलं की दुष्काळ, ऊसतोड आणि राजकारण एवढंच बातम्यांत येतं. जिल्ह्यातल्या किती शाळांनी माजलगावच्या या ओव्या मुलांना ऐकवल्या आहेत? मराठवाड्याच्या विद्यापीठात लोकसाहित्याच्या अभ्यासक्रमात त्या गायिकांची नावं सक्तीने असायला हवीत, त्यांच्या आवाजासकट.

१९९६ मध्ये ज्या बाया चाळिशी-पन्नाशीत होत्या त्या आज सत्तरी ओलांडून गेल्या. त्यांच्याहून मोठ्या होत्या त्यांतल्या अनेक आता नसतील. माजलगाव, केज, धारूर, गेवराई, आष्टी, पाटोदा, वडवणी, प्रत्येक तालुक्यात जात्यावर बसलेल्या शेवटच्या पिढीच्या बाया अजून आहेत. या दिवाळीला गावी जाल तेव्हा आपल्या आजीला, शेजारच्या मावशीला, वस्तीतल्या म्हाताऱ्या आत्याला ओवी म्हणायला सांगा. एकटीला नको, दोघी-तिघींना एकत्र बसवा, एकीला विसरलं की दुसरी उचलते. घरात जातं असेल तर पुढ्यात ठेवा. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा आणि सुरुवातीलाच तिच्याकडून तिचं नाव, माहेरचं गाव, सासरचं गाव आणि ओवी कुणाकडून शिकली ते बोलवून घ्या.

हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका.