जिनिव्हा दूर, अल्मास टॉवर समोर

पुण्या-मुंबईत लॉ शिकणारी आपली मुलं मे महिन्यात दुबईला घरी येतात. संध्याकाळी जेएलटी वस्तीतल्या तळ्याकाठी फेऱ्या मारताना इंटर्नशिपचा विषय निघतोच. 'मानवी हक्कांचं काम करायचं तर जिनिव्हा नाहीतर हेग. इथे काय आहे?' हे मी इतक्या घरांत ऐकलंय की उत्तर एकदा लिहूनच द्यावं म्हटलं.

इथे तळ्यांच्या मधोमध अल्मास टॉवर आहे. 68 मजल्यांच्या या इमारतीत दुबई डायमंड एक्स्चेंज आणि डीएमसीसी या फ्री झोनचं किंबर्ली कार्यालय आहे. कच्चे हिरे देशात येतात-जातात ते सीलबंद खोक्यातून. सोबतच्या प्रमाणपत्रावर क्रमांक, कॅरेटमधलं वजन, किंमत, पाठवणारा, घेणारा आणि वैधतेची तारीख असते. अंगोला आणि सिएरा लिओनच्या यादवी युद्धांत हिरे विकून बंदुका घेतल्या गेल्या, म्हणून 1 जानेवारी 2003 पासून ही किंबर्ली योजना लागू झाली. तिचं अध्यक्षपद 2016 मध्ये आणि पुन्हा 2024 मध्ये यूएईकडे होतं.

इथे मुलांचे दोन समज चुकतात. एक, किंबर्ली हा आंतरराष्ट्रीय करार आहे. तो करार नाही. देशांनी आपापल्या कायद्यांतून अमलात आणलेली ती सामायिक योजना आहे. दुसरा समज जास्त घातक: प्रमाणपत्र आहे म्हणजे हिऱ्यामागे कुणाचं रक्त नाही. योजनेची व्याख्या फक्त बंडखोरांच्या युद्धाला पैसा पुरवणाऱ्या कच्च्या हिऱ्यांपुरती आहे. 2008 मध्ये झिंबाब्वेच्या मरांगे खाणीत सरकारी सैन्यानंच माणसं मारली, ते या व्याख्येत बसलं नाही. पैलू पाडलेला हिरा तर योजनेबाहेरच. मग उरलेलं कोण विचारणार? व्यवसाय आणि मानवी हक्कांविषयी संयुक्त राष्ट्रांची 2011 ची मार्गदर्शक तत्त्वं कंपन्यांनाच विचारायला सांगतात. सोन्या-हिऱ्यांच्या कंपनीत कम्प्लायन्स विभागाला इंटर्न लागतो तो यासाठी: पुरवठादाराचा कागद वाचायचा, खाणीचं नाव शोधायचं, जिथे उत्तर नाही तिथे खूण करायची. दिवसभर एक्सेल शीट. मला हे काम मनापासून मोलाचं वाटतं.

'पण हे वकिलीत धरतात का?' बार काउन्सिलच्या 2008 च्या नियमांनुसार पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला 20 आठवडे आणि तीन वर्षांच्याला 12 आठवडे इंटर्नशिप लागते. त्यात कंपन्या आणि स्वयंसेवी संस्थाही चालतात. मात्र एका वेळी सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही, आणि संपूर्ण अभ्यासक्रमात किमान एकदा वकिलाकडे जावंच लागतं. कॉलेजला आधी विचारून घ्या.

जिनिव्हाचं म्हणाल तर संयुक्त राष्ट्र सचिवालयाची इंटर्नशिप बिनपगारी असते आणि पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या आधी अर्ज करता येत नाही. दुसऱ्या वर्षातल्या मुलीनं त्यासाठी झुरू नये. दिल्लीचा राष्ट्रीय मानवी हक्क आयोग ऑनलाइन अल्पमुदतीची इंटर्नशिपही घेतो, आणि ती फक्त लॉच्या मुलांसाठी नसते. समाजशास्त्र, पत्रकारिता शिकणाऱ्यांनीही अर्ज करावा.

आता घरातल्या मोठ्यांसाठी. 'बाबांच्या व्हिसावर आहे, महिनाभर ओळखीच्यांच्या ऑफिसात बसेल' हे चालत नाही. कुटुंबाचा व्हिसा म्हणजे कामाचा परवाना नव्हे. 15 वर्षांवरच्या विद्यार्थ्यांसाठी यूएईत प्रशिक्षणाचा वेगळा परवाना आहे. जेएलटी हा डीएमसीसीचा फ्री झोन, म्हणून इथल्या कंपनीनं तो तिथून घ्यायचा. विनापरवाना काम दिल्यास 2024 च्या दुरुस्तीनंतर मालकाला 1 लाख ते 10 लाख दिरहम दंड होऊ शकतो. फ्री झोनमध्ये देशाचा कामगार कायदा नसतो, हाही गैरसमजच. डीआयएफसी या वित्तीय फ्री झोनचा स्वतःचा रोजगार कायदा आहे, डीएमसीसीत मात्र 2021 चा संघीय कायदाच चालतो. त्याच कायद्यानं मालकाला कामगाराचा पासपोर्ट ठेवून घ्यायला मनाई केली आहे. इंटर्नचाही कुणी मागितला तर प्रत द्यावी, मूळ नाही.

आणि कुणी 'यूएन इंटर्नशिप' म्हणून प्रमाणपत्राची फी मागितली, तर तिथेच फोन ठेवा. संयुक्त राष्ट्रसंघ भरतीच्या कुठल्याही टप्प्यावर पैसे घेत नाही.