अडखळणाऱ्यांचा वर्ग

हजार मुलांच्या शाळेत दहा-एक मुलं तोतरी असतात. शंभरात एक हे प्रमाण कोणत्याही देशात गेलं, कोणतीही भाषा घेतली तरी फारसं बदलत नाही. दोन ते पाच वर्षांच्या वयात अडखळणारी मुलं याहून बरीच जास्त असतात, शंभरात पाच किंवा थोडी अधिकच. त्यांतली चारांपैकी तीन तरी पुढच्या काही वर्षांत मोकळं बोलू लागतात. जी उरतात ती तोतरेपण घेऊन शाळेत येतात, आणि त्यांत मुलींपेक्षा मुलगे कितीतरी जास्त. ही दहा मुलं पाचवी ते दहावीच्या वेगवेगळ्या तुकड्यांत विखुरलेली असतात. हजेरीला नुसता हात वर करणारी, धडा वाचायची पाळी यायच्या आत पाणी प्यायला जाणारी, उत्तर येत असूनही ‘येत नाही’ म्हणून खाली बसणारी. गप्प राहण्यात इतकी तरबेज झालेली मुलं एकमेकांना सापडणार कशी? तेरा-चौदा वर्षांच्या मुलानं आपल्यासारखं अडखळणारं दुसरं मूल कधी ऐकलेलंच नसतं, असं सर्रास घडतं.

लंडन, कॅनडा, अमेरिका इथे अशा मुलांसाठी गेली काही दशकं सामूहिक उपचारांचे सघन कार्यक्रम चालतात. आठवड्यातून एकदा पाऊण तास स्पीच थेरपिस्टकडे जाण्याऐवजी मुलं एकत्र येतात, सलग पाच दिवस ते तीन आठवडे, आणि दिवसातले बरेच तास बोलण्यावर काम करतात. तिथे शिकवली जाणारी तंत्रं उपयोगाची आहेतच. तरी मला या कार्यक्रमांचं खरं बळ दिसतं ते त्या खोलीत जमलेल्या मुलांत.

आधी हे नेमकं काय असतं ते पाहू. काय बोलायचं हे मुलाला पक्कं ठाऊक असतं. शब्द जिभेवर असतो. पण तो ‘पा-पा-पाणी’ असा पुन्हापुन्हा येतो, किंवा ‘स’ लांबतच जातो, किंवा तोंड उघडं आणि आवाजच नाही, अशी कोंडी होते. ही कोंडी सगळ्यांत त्रासाची, आणि समोरच्याला ती कळतही नाही. त्याला वाटतं मूल विचार करतंय, किंवा त्याला उत्तर माहीत नाही. तेच मूल आरतीत, प्रार्थनेत, रोजच्या प्रतिज्ञेत सगळ्यांच्या सुरात सूर मिसळून घडाघडा बोलतं. मांजराशी बोलताना अडखळत नाही, गाताना अडखळत नाही. मग घरच्यांना वाटतं, हा मुद्दाम करतो. तसं नसतं. बोलण्याचं वेळापत्रक सांभाळणारी मेंदूतली यंत्रणा या मुलांत थोडी वेगळी चालते आणि बाहेरून ठेका मिळाला की तिचं ओझं हलकं होतं, अशी आज बहुतेक संशोधकांची समजूत आहे.

जे ऐकू येतं त्याहून न ऐकू येणारं मोठं असतं. कॅलिफोर्नियातले मानसशास्त्रज्ञ जोसेफ शीहान यांनी तोतरेपणाला हिमनगाची उपमा दिली होती: वर दिसतं ते अडखळणं, पाण्याखाली लाज, धास्ती आणि टाळाटाळ. टाळाटाळ फार हुशारीनं होते. अवघड अक्षर येतंय असं दिसलं की मूल शब्दच बदलतं. मिसळ हवी असते, पण ‘म’ निघणार नाही म्हणून वडा मागतं. बसमध्ये ‘कोथरूड’ अडकलं तर पुढच्या थांब्याचं तिकीट काढून मागे चालत येतं. एकच शब्द असा की ज्याला पर्याय नाही, तो म्हणजे स्वतःचं नाव. ‘तुझं नाव काय?’ हा जगातला सगळ्यात सोपा प्रश्न या मुलांना सगळ्यात अवघड जातो. ऐकणारा हसून म्हणतो, ‘नाव विसरलास का?’ हे वाक्य ज्याला ऐकावं लागलं नाही असं तोतरं मूल विरळाच.

उपचारांचा जुना इतिहास वाचवत नाही. १८४१ साली बर्लिनचे प्रख्यात शल्यचिकित्सक योहान डीफेनबाख यांनी तोतऱ्यांच्या जिभेचा तुकडा कापून काढण्याच्या शस्त्रक्रिया केल्या, त्याही भूल देण्याची सोय नव्हती तेव्हा. आपल्याकडे वेखंड, जिभेवर अक्कलकारा, तोंडात खडा ठेवून बोलणं असे उपाय घरोघर चालत आले. हे सगळं दोष जिभेत आहे असं धरून.

विसाव्या शतकात दोष जिभेवरून उचलला गेला आणि आईबापांवर ठेवला गेला. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाचे वेंडेल जॉन्सन स्वतः तोतरे होते. त्यांचं म्हणणं असं की लहान मुलाच्या साध्या अडखळण्याला पालकांनी तोतरेपणा म्हणून नाव दिलं की त्यातूनच तो मूळ धरतो. १९३९ साली त्यांच्या मार्गदर्शनाखाली मेरी ट्यूडर या विद्यार्थिनीनं डेव्हनपोर्टच्या अनाथाश्रमातल्या २२ मुलांवर एक प्रयोग केला. नीट बोलणाऱ्या काही मुलांना ‘तुझं बोलणं बिघडत चाललंय’ असं सांगत राहायचं, असा त्याचा एक भाग होता. ती मुलं तोतरी झाली नाहीत. ती गप्प झाली, बुजरी झाली, काहींनी बोलणंच कमी केलं. हा प्रयोग २००१ साली वर्तमानपत्रातून उजेडात आला तेव्हा विद्यापीठानं माफी मागितली, आणि २००७ साली आयोवा राज्यानं सव्वानऊ लाख डॉलरची भरपाई दिली. जॉन्सन यांचा सिद्धान्त मागे पडला, पण त्याची सावली राहिली. ‘लक्ष देऊ नका, त्याच्यासमोर विषय काढू नका’ हा सल्ला डॉक्टर आणि शिक्षक अजूनही देतात. त्यामुळे मुलाला कळतं ते एवढंच की आपल्यात काहीतरी इतकं वाईट आहे की घरात त्याचं नावही घेत नाहीत.

२०१० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या डेनिस ड्रेयना यांच्या गटानं तोतरेपणाशी निगडित तीन जनुकं दाखवून दिली. तो शोध पाकिस्तानातल्या एका मोठ्या कुटुंबापासून सुरू झाला होता, ज्याच्या अनेक पिढ्यांत तोतरेपण चालत आलं होतं. सगळ्याच तोतरेपणाचं कारण या तीन जनुकांत सापडत नाही. तरीही आईच्या धाकानं किंवा घाबरून मूल तोतरं होतं, हे म्हणण्याला आता आधार उरलेला नाही. पालकांच्या गटात बसलेल्या आईला हे ऐकायला मिळणं हाही उपचारच.

आता लंडनकडे येऊ. मायकेल पेलिन हे ब्रिटिश विनोदी अभिनेते. त्यांचे वडील तोतरे होते. १९८८ च्या ‘अ फिश कॉल्ड वांडा’ चित्रपटात पेलिन यांनी तोतऱ्या माणसाची भूमिका केली, आणि १९९३ साली लंडनमध्ये तोतऱ्या मुलांसाठी केंद्र उघडलं तेव्हा त्याला त्यांचं नाव दिलं गेलं. केंद्रामागची दृष्टी लीना रस्टिन या वाचा-उपचारतज्ज्ञांची. तोतरेपणाचा उपचार म्हणजे संवादाचा उपचार, आणि तो मुलाइतकाच पालकांचाही, हे त्यांनी आग्रहानं मांडलं. तिथला किशोरवयीन मुलांचा सघन अभ्यासक्रम दोन आठवड्यांचा.

या पद्धतीत सुरुवात बोलण्यापासून होत नाही, ऐकण्यापासून होते. समोरच्याकडे पाहणं, त्याचं पूर्ण होऊ देणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, दुसऱ्यात काय आवडलं ते नेमकं सांगणं. हे सुरुवातीला विचित्र वाटतं: अडचण बोलण्याची आणि धडे ऐकण्याचे? पण वर्षानुवर्षं स्वतःच्या पुढच्या शब्दाची धास्ती बाळगणारं मूल समोरच्याचं ऐकतच नसतं. त्याचं सगळं लक्ष आत असतं. ते बाहेर वळलं की पकड ढिली होते.

मग बोलण्याची साधनं येतात: शब्दाला हळुवार सुरुवात करणं, ओठ-जीभ घट्ट न दाबणं, वाक्यात मुद्दाम थांबे घेणं. त्याच्या जोडीला विचारांचं काम. ‘मी अडकलो तर सगळे हसतील’ हा विचार कागदावर मांडायचा, तो खरा किती हे तपासायचं. त्यानंतर प्रश्न सोडवणं. वर्गात कुणी नक्कल केली तर काय करता येईल? मुलं सुचेल ते सगळं फळ्यावर लिहितात, वेडपट वाटणारं उत्तरही, आणि मग एकेकाचे परिणाम पाहून निवड करतात. इथे गटाचं महत्त्व लख्ख दिसतं. ‘त्याला सांग की मी तोतरा आहे, पुढे बोल’ हा सल्ला पन्नाशीच्या बाईंनी दिला तर मूल मान डोलावतं. तोच पंधरा वर्षांच्या मुलानं, अडखळत, दिला तर त्याच्यावर विश्वास बसतो.

त्यानंतर खोलीबाहेर पडायचं. दुकानात वस्तूची किंमत विचारायची, फोन करायचा, रस्त्यावरच्या अनोळखी माणसांना थांबवून प्रश्न विचारायचे. काही ठिकाणी मुद्दाम अडखळायलाही लावतात. ही युक्ती मिशिगनमधल्या चार्ल्स व्हॅन रायपर यांच्या परंपरेतली. तेही स्वतः तोतरे होते. अडखळणं लपवण्यात जी ताकद जाते ती वाचवा, सैल आणि मोकळं अडखळा, असा त्यांच्या शिकवणीचा गाभा. पहिला प्रयोग थेरपिस्टनं स्वतः दुकानदारासमोर करायचा असतो. मूल बाजूला उभं राहून पाहतं की बाई अडखळल्या, दुकानदारानं उत्तर दिलं, आणि पुढे काहीच झालं नाही.

तेवढ्यात पालक दुसऱ्या खोलीत हेच धडे गिरवत असतात. मूल अडकलं की आपण काय करतो, याची ते यादी करतात: शब्द पुरवतो, ‘सावकाश’ म्हणतो, ‘आधी विचार कर’ म्हणतो, नजर वळवतो. प्रत्येकात प्रेमच असतं, पण मुलाच्या कानावर ‘तू चुकतोयस’ एवढंच पडतं. वाक्य पूर्ण होईपर्यंत नुसतं थांबणं आईबापांना किती जड जातं, हे त्या खोलीतच कळतं.

पण हे सगळं टिकतं का? या क्षेत्राची दुखरी नस ही. तीन आठवडे सुरक्षित खोलीत अस्खलित बोललेलं मूल शाळेत परतलं की काही महिन्यांत पुन्हा पूर्ववत, असे अनुभव भरपूर आहेत. कॅनडातल्या एडमंटनची ‘इस्टार’ ही संस्था १९८६ साली आइनर बोबर्ग आणि डेबोरा कली यांनी सुरू केली. तिथे बोलण्याचा वेग आधी खूप उतरवून, मग हळूहळू वाढवत अस्खलितपणा घडवतात. टिकाऊपणा मोजायला त्यांनी एक चांगला मार्ग काढला: कार्यक्रमानंतर वर्ष-दोन वर्षांनी, आधी न कळवता, थेट फोन. समोरच्याला तयारीची संधीच नाही. १९९४ च्या त्यांच्या अहवालात ४२ जण होते, त्यांतले २५ किशोरवयीन, आणि साधारण ६९ टक्क्यांचं बोलणं समाधानकारक टिकलेलं आढळलं. आशादायक आहे हे, पण जवळपास एक-तृतीयांश त्यात नाहीत हेही तितकंच खरं. पेलिन सेंटरच्या तज्ज्ञांचा २०१४ चा अभ्यास तर तीनच मुलांचा, मात्र प्रत्येकाचं बोलणं अनेक महिने पुन्हापुन्हा मोजलेलं. मोठ्या संख्येनं, काटेकोर तुलनेनं केलेलं काम या वयोगटात अजून तोकडं आहे.

म्हणूनच गेल्या दहा-पंधरा वर्षांत काहींनी मोजपट्टीच बदलली. टेक्सास विद्यापीठातल्या कोर्टनी बर्ड यांच्या ‘कॅम्प ड्रीम. स्पीक. लिव्ह.’ या शिबिरात अस्खलितपणा हे उद्दिष्टच नाही. मूल किती वेळा अडखळलं हे मोजायचं नाही. ते बोलायला पुढे आलं का, आपल्या तोतरेपणाबद्दल स्वतःहून सांगू शकलं का, मित्र जोडू शकलं का, हे पाहायचं. मला ही दिशा पटते. पण तंत्रं टाकून द्यावीत असं मात्र वाटत नाही. ज्या मुलाला आपलं बोलणं थोडं सोपं व्हावंसं वाटतं, त्याला ‘तू आहेस तसाच छान’ एवढंच सांगून परत पाठवणं अन्यायाचं होईल. दोन्ही द्यावं. कशावर किती भर हे मुलाला ठरवू द्यावं.

आपल्याकडे तज्ज्ञ नाहीत असं नाही. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था १९६५ पासून, वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ पासून काम करते आहे. तोतऱ्या व्यक्तींनी स्वतः चालवलेल्या ‘द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन’चे स्वमदत गट मुंबई-पुण्यातही जमतात, पण तिथे येतात ती प्रामुख्यानं मोठी माणसं. शाळकरी मूल मात्र बहुधा एकटंच थेरपिस्टकडे जातं, एकटंच परततं. एकाच तज्ज्ञाकडे सोमवारी एक, गुरुवारी दुसरं अशी मुलं येत असतील, तर त्यांना एका दिवशी, एका खोलीत बसवायला इमारत लागत नाही. मे महिन्याची सुट्टी त्यासाठी सोयीची. शिक्षकांनीही एक करावं: तोंडी परीक्षेत वेळ मोजू नये, आणि मुलाला न विचारता त्याची पाळी टाळूही नये.

‘पंधरा दिवसांत तोतरेपणा कायमचा बरा’ अशा जाहिरातींच्या वाटेला पालकांनी जाऊ नये. किशोरवयापर्यंत टिकलेलं तोतरेपण पंधरा दिवसांत कायमचं घालवणारा उपचार आज कुणाकडेही नाही. कोणत्याही शिबिरात नाव घालण्याआधी, उपचार करणाऱ्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारावं. आईवडिलांना सोबत बसवतात का, मुलांना खोलीबाहेर नेतात का, हे विचारावं. आणि शिबिर संपल्यावर सहा महिन्यांनी मुलाला फोन कोण करणार, हेही.