रामनगरची आजी

आपल्या एका सभासदाची आई, जोयडा तालुक्यातल्या रामनगरची आजी, देवाघरी गेली.

आजी मूळची जुन्या सुप्याची. काळी नदीवर १०१ मीटर उंचीचं सुपा धरण झालं, गाव पाण्याखाली गेलं आणि घरं रामनगरला उठून आली. नव्या घरात तिनं आधी भिंतीवर क्रूस टांगला, मग चूल मांडली. रविवारची मिस्सा कधी चुकवली नाही.

धरणाच्या पाण्यात होडी घालायला मुलाचं मन होईना. आजीच म्हणाली, “पाण्यानं घर घेतलं, आता पोट तरी भरू दे रे बाबा.” पहिल्या जाळ्यातली मासळी शेजारच्या एकट्या बाईला द्यायची, हा तिचा नेम. सुना तो आजही पाळतात.

हेच पाणी पुढं कारवारला दर्याला मिळतं. आजीला भावपूर्ण श्रद्धांजली.