परदेशात पैसे कसे न्यायचे? आणि बाबांची शंभराची नोट

आजचा भाग पैशांवर आहे, पण शेअर मार्केटवाला नाही. फिरायला परदेशात जाताना पैसे कशात न्यायचे, रोख, कार्ड, फॉरेक्स कार्ड की यूपीआय, एवढाच विषय. नेहमीप्रमाणे ऐकायला वेळ नसेल तर खाली वाचा, आणि निघायच्या आदल्या दिवशी परत एकदा वाचा.

तर झालं असं. मी आईबाबांना घेऊन व्हिएतनामला गेले होते. दोघांचाही पहिलाच परदेश प्रवास. मी सॉफ्टवेअरवाली, त्यामुळे 'पैशांचं मी बघते' असं ऐटीत सांगितलं होतं. निघताना बाबा म्हणाले, "थोडे डॉलर घेऊ का गं?" मी म्हटलं, "बाबा, आता कोण रोख नेतं? सगळीकडे कार्ड चालतं."

तिसऱ्या दिवशी हनोईच्या जुन्या बाजारात फुटपाथवरून उतरताना आईचा पाय मुरगळला. घोटा टम्म सुजला. जवळच्या क्लिनिकमध्ये गेलो. एक्स-रे, डॉक्टर, पट्टी मिळून २४ लाख डोंग. आकडा ऐकून घाबरू नका, एका रुपयाला तेव्हा साधारण ३०० डोंग मिळत होते, म्हणजे झाले ८,००० रुपये. पण पैसे आधी भरायचे होते.

मी क्रेडिट कार्ड दिलं. डिक्लाइन. परत दिलं. डिक्लाइन. डेबिट कार्ड दिलं. तेही डिक्लाइन. आई खुर्चीवर पाय वर करून बसलेली, आणि मी मशीनकडे बघत उभी.

चूक कुणाची? माझीच. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नवीन कार्ड फक्त भारतात वापरण्यासाठी चालू असतं. परदेशातला वापर आपण ॲपमधून चालू करायचा आणि मर्यादाही आपणच ठरवायची. क्रेडिट कार्डावर मी सेफ्टी म्हणून दिवसाला १०,००० ची मर्यादा ठेवली होती, आणि सकाळीच तिघांच्या हा लाँग बेच्या सहलीचे ९,००० भरले होते. डेबिट कार्ड तर परदेशासाठी चालूच केलं नव्हतं. मग ॲप उघडलं, तर ॲप म्हणे ओटीपी टाका. ओटीपी येणार माझ्या भारतातल्या नंबरवर. त्या सिमचं रोमिंग मी चालू केलं नव्हतं, कारण 'डेटा तर तिथल्या सिमवर मिळतोच'.

आमच्या कामात याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात. एक खिळा निघाला की सगळा डोलारा खाली. माझ्याकडे कार्डं दोन होती, पण दोन्ही एकाच ओटीपीवर लटकलेली. म्हणजे खरं तर पर्याय एकच होता.

तेवढ्यात बाबांनी शर्टाच्या आतल्या, आईने शिवून दिलेल्या खिशातून एक घडी काढली. शंभर डॉलरच्या दोन नोटा! मला न सांगता सांगलीतून घेऊन ठेवल्या होत्या. आमच्या हॉटेलमध्ये अधिकृत चलन बदलून मिळत होतं. बाबा तिथे जाऊन एका नोटेचे २५ लाख डोंग घेऊन आले. बिल भरलं. हाड मोडलं नव्हतं, देवाची कृपा. बाबा मला काहीच बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

आता मुद्द्यावर येऊ. एकेक पर्याय बघू.

कार्ड. नेहमीच्या क्रेडिट किंवा डेबिट कार्डावर परदेशात मार्कअप लागतो, बऱ्याच कार्डांवर ३.५ टक्के, आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. म्हणजे १०,००० रुपये खर्च केलेत तर ३५० अधिक ६३, एकूण ४१३ रुपये जास्त. काही कार्डांवर मार्कअप शून्य असतो, म्हणून आपल्या कार्डाचं शुल्कपत्रक एकदा उघडून बघाच. आणि क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोख काढू नका. त्यावर वेगळं शुल्क, शिवाय व्याज पहिल्या दिवसापासून.

मशीनचा गोड प्रश्न. दुकानात मशीन कधी कधी विचारतं, 'रुपयांत भरणार की डोंगमध्ये?' रुपये बघून आपल्याला घरचं माणूस भेटल्यासारखं वाटतं. मीही पहिल्या दिवशी रुपयेच दाबले. पण तिथे दर ठरवतं ते मशीनमागचं खातं, आणि त्यात त्यांचा नफा आधीच घातलेला असतो. त्यावर काही बँका वेगळं शुल्क लावतात ते निराळंच. म्हणून नेहमी तिथलं स्थानिक चलन निवडा. एटीएमवरही हेच.

फॉरेक्स कार्ड. आधी पैसे भरायचे, दर तेव्हाच पक्का होतो. युरोप, दुबई, सिंगापूर, थायलंडला सोयीचं, कारण त्या चलनांत ते भरता येतं. पण डोंग बऱ्याच कार्डांवर नसतोच. मग डॉलर भरायचे, आणि खर्च डोंगमध्ये झाला की पुन्हा चलनबदलाचं शुल्क. म्हणून आधी बघा, तुमच्या देशाचं चलन त्या कार्डावर आहे का?

यूपीआय. सिंगापूर, यूएई, नेपाळ, भूतान, श्रीलंका, मॉरिशस, फ्रान्स अशा देशांत काही ठिकाणी चालतं. आयफेल टॉवरची तिकिटं २०२४ पासून यूपीआयने काढता येतात. पण देशभर प्रत्येक टपरीवर चालेल असं धरू नका, आणि ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय पर्याय वेगळा चालू करावा लागतो. हनोईत कोपऱ्यावरच्या कॉफीवालीकडेही क्यूआर होता. मी उत्साहाने स्कॅन केला, चालला नाही.

रोख. व्हिएतनाममध्ये रस्त्यावरचं खाणं, छोटी दुकानं, बाजार, सगळं रोखीवर. भारतातून डॉलर न्या आणि तिथे अधिकृत ठिकाणी बदला. नोटा कोऱ्या हव्यात. घडी पडलेली, शाई लागलेली नोट परत करतात. शंभराच्या नोटेला दरही बरा मिळतो. इथे विकत घेताना 'सगळं धरून एक डॉलर कितीला?' असं विचारा आणि तीनेक ठिकाणी विचारा. विमानतळावरचा काउंटर शेवटचा पर्याय. नियम साधे आहेत: बहुतेक देशांसाठी एका प्रवासात ३,००० डॉलरपर्यंत रोख नेता येते. भारतीय नोटा २५,००० रुपयांपर्यंतच. उरलेलं चलन परत आल्यावर १८० दिवसांत बँकेत किंवा मनी चेंजरकडे द्यायचं, पण २,००० डॉलरपर्यंत पुढच्या ट्रिपसाठी जवळ ठेवता येतात.

आणि एक गंमत. डोंगची ५ लाखांची नोट निळी आणि २०,००० ची नोटही निळी. एक साधारण १,६५० रुपयांची, दुसरी ६५-७० रुपयांची. आईने शहाळ्याचे पैसे देताना ५ लाखांची काढली होती. शहाळेवाल्या मावशींनी हसून परत केली. प्रत्येक जण करेलच असं नाही, म्हणून मोठ्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा.

मग आता मी काय करते? मोठा खर्च, म्हणजे हॉटेल, तिकिटं, कमी मार्कअपच्या कार्डावर. दुसऱ्या बँकेचं कार्ड वेगळ्या बॅगेत. रोजच्या खर्चाला रोख, दोघातिघांत वाटून. निघायच्या आधी घरी बसून दोन्ही कार्डांचा परदेशातला वापर चालू करते, आणि मर्यादा एखादं हॉस्पिटलचं बिल भरता येईल एवढी. भारतातलं सिम फोनमध्येच, रोमिंग चालू, डेटासाठी ई-सिम. आणि दोनशे डॉलर असे, ज्यांना हात लावायचाच नाही.

ते दोनशे डॉलर बाबांकडे असतात. पुढच्या ट्रिपची तारीख ठरली तेव्हा मीच विचारलं, "बाबा, नोटा घेतल्या का?" ते म्हणाले, "तुझी कार्डं चालू केलीस का ते आधी बघ."

तर मंडळी, आत्ता हे वाचताय त्याच फोनवर बँकेचं ॲप उघडा आणि आपल्या कार्डाची आंतरराष्ट्रीय मर्यादा किती आहे ते बघा. दोन मिनिटांचं काम आहे. पुढच्या भागात भेटूच!