चिलखतातला नाकतोडा

परवा गॅलरीतल्या कढीपत्त्यावर एक नाकतोडा बसला होता. नातवाने बोट पुढे केले, तशा त्याने मिशा हलवल्या, पाय दुमडले आणि टुणकन उडी मारली. मला एकदम जपानी कारागिरांच्या लोखंडी किड्यांची आठवण झाली.

म्योचिन हे जपानमधले चिलखतकारांचे नामांकित घराणे. सतराव्या शतकात तिथली युद्धे थांबली आणि पुढे दोनशे वर्षांहून अधिक काळ देशात शांतता नांदली. प्रजा सुखावली, पण चिलखताची मागणी घटली, त्याचे काय? हातातली कला तर तशीच होती. 1713 साली म्योचिन मुनेआकी याने लोखंडाचा एक ड्रॅगन घडवला. त्याचे अंग खऱ्या प्राण्यासारखे वळते. तो आज टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

ड्रॅगनपाठोपाठ साप, खेकडे आणि बागेतले किडेही आले: नाकतोडा, प्रार्थनाकीटक, भुंगा, फुलपाखरू. या कलेला ‘जिझाई’ म्हणतात. म्हणजे मनाजोगे हलणारे. पंख उघडतात, पाय सांध्यांत दुमडतात, मिशाही फिरतात. आणि यात नवल ते काय? किड्याला आत हाडे नसतातच, त्याचे कवच बाहेर असते. जन्मतःच चिलखत घातलेला हा जीव! एकावर एक पत्रे बसवून ते सांध्यात हलते ठेवायचे, ही विद्या या कारागिरांना पिढ्यान्‌पिढ्या अवगत होती.

1876 मध्ये सामुरायांना तलवार बाळगून हिंडण्याचीही बंदी झाली. तरी ही कला टिकली. परदेशी शौकिनांनी या वस्तू विकत घेतल्या. आजही हारुओ मित्सुता यांच्यासारखे कलावंत असे किडे घडवतात.

मी बँकेत लागलो तेव्हा खतावण्या हाताने लिहीत असू. आमचे हेडक्लार्क पानभर आकड्यांची बेरीज नुसत्या नजरेने खाली उतरवत. पैचीही चूक नसे. मग संगणक आला. मी अधिकारी होतो. त्यांना आवक-जावक टपाल नोंदवायला बसवले. ते काही बोलले नाहीत. निवृत्तीपर्यंत ते त्याच टेबलावर होते.

या हातांतून, या नजरेतून आणखी काय घडू शकेल, हे मी त्यांना एकदा तरी विचारायला हवे होते. कढीपत्त्यावर नाकतोडा दिसला की हल्ली तेच आठवते.