उलट्या आट्यांचा नट

घरांत मोटार असली म्हणजे तिच्याविषयीं दोन प्रकारचें ज्ञान आपोआप येतें. एक, ती तेल किती पिते याचें. आणि दुसरें, ती अडून बसली असतां कोणास हांक मारावी याचें. याहून अधिक जाणण्याचें आपणांस कारण नाहीं, अशी आम्हां सुशिक्षित मंडळींची समजूत असते, आणि गेल्या फाल्गुनापर्यंत आमचीही तीच होती. नटासारखा क्षुद्र विषय वाचकांपुढें मांडावा कीं नाहीं, याचा आम्हीं पुष्कळ विचार केला. परंतु ज्या एका नटापायीं आमच्या घरच्या सात माणसांवर घाटांत कठीण प्रसंग ओढवला असता, त्यास क्षुद्र म्हणण्याचें धैर्य आतां आमच्यांत उरलेलें नाहीं. म्हणून घडलेली हकीकत आणि तिच्यांतून मिळालेली माहिती, दोन्ही येथें देत आहों.

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यांत काठी म्हणून गांव आहे. तेथील होळी सर्वत्र प्रसिद्ध आहे. सातपुड्याच्या पाड्यापाड्यांतून आदिवासी स्त्रीपुरुष त्या रात्रीं तेथें लोटतात. मोरपिसांचे टोप, कमरेस घुंगरू, अंगावर राखेचे ठिपके, असा नवसाचा वेष घेतलेले पुरुष ढोलाच्या नादावर रात्रभर नाचतात, आणि होळी पेटते ती पहांटे. ती पाहावी अशी मुलांची फार दिवसांची इच्छा होती. वडिलांच्या वेळची विलिस धर्तीची जीप आमच्याकडे अद्याप चालती आहे. तीच काढून आम्ही, आमचें कुटुंब, धाकटे बंधु व भावजय, यंत्रशास्त्राच्या तिसऱ्या वर्षांत शिकणारा पुतण्या आणि दोन लहान मुलें, असे सातजण दुपारीं नंदुरबारहून निघालों. हातोड्याच्या पुलावरून तापी ओलांडली, तळोदें मागें टाकलें, आणि बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यानें अक्कलकुव्याच्या वेशींत शिरतों न शिरतों तोंच मागचें डावें चाक बसलें.

जादा चाक बरोबर होतें, जॅक होता, पाना होता. ज्ञान तेवढें नव्हतें. नट उजवीकडे फिरविला म्हणजे आवळतो व डावीकडे फिरविला म्हणजे सुटतो, हें आम्हांस ठाऊक होतें, आणि त्या एका सूत्रावर आमची सारी भिस्त होती. पुतण्यानें डावीकडे जोर लावला, नट हालेना. पान्याच्या दांड्यास लोखंडी नळी अडकवून त्यानें दुप्पट जोर केला. मग बंधु त्या नळीवर उभे राहिले. तेव्हां कड् असा आवाज होऊन स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो ती आट्यांची खुंटी, मुळांतच मोडली. दुसऱ्या नटावर पाना घसरला, पुन्हां लावला, पुन्हां घसरला. आणि पाहतों तों त्या नटाचे सहाही कोपरे झिजून तो सुपारीसारखा वाटोळा झालेला.

बसस्थानकापाशीं एका मिस्त्रीचें दुकान होतें. सणामुळें तो तें बंद करीत होता. तिशीच्या आंतला, अबोल असा तो तरुण आमच्याबरोबर आला, चाकापाशीं बसला, आणि एका शाबूत स्टडच्या टोकावरचा चिखल त्यानें अंगठ्यानें पुसला. त्या टोकावर ‘एल’ हें इंग्रजी अक्षर ठोकलेलें होतें.

“काका,” तो म्हणाला, “हे आटे उलटे आहेत. तुम्ही नट काढत नव्हतां, आवळत होतां.”

मग पाना घेऊन त्यानें उरलेले तिन्ही नट घड्याळाच्या कांट्याच्या दिशेनें फिरविले, आणि ते एकामागून एक निमूट सुटले. पुतण्याच्या चेहऱ्याकडे पाहण्याचें आम्हीं टाळलें. आमचाही चेहरा त्या वेळीं पाहण्यासारखा नसावा.

हा उलटा प्रकार कां, हें सांगणें अवश्य आहे. चाक धांवूं लागलें म्हणजे त्याच्या फिरण्यानें नटास हळूहळू सैल करणारा झोंक मिळतो, असें जुन्या यंत्रज्ञांच्या ध्यानांत आलें. गाडीच्या उजव्या बाजूस साधे आटे या झोंकापुढें टिकतात. डाव्या बाजूस तेच आटे सैलावण्याची भीति असते. म्हणून विलिस जीपच्या डाव्या चाकांस डाव्या आट्यांचे नट देत, आणि खूण म्हणून स्टडवर ‘एल’ ठोकीत. हल्लींच्या बहुतेक मोटारींत निमुळत्या बुडाचे नट योग्य जोरानें आवळून हें काम भागवितात, व दोन्ही बाजूंस सुलटेच आटे असतात. तथापि उलटा आटा आपल्या घरांतून गेलेला नाहीं. सायकलचें डावें पायडल उलट्या आट्यांचें असतें. टेबलावरच्या पंख्याचें पातें अडकविणारी टोपी पुष्कळदां उलट्या आट्यांची असते. एखादी वस्तु रीतसर फिरवूनही सुटत नसेल, तर अधिक जोर करण्यापूर्वीं ती कोणत्या बाजूस सुटते याची खात्री करावी. आम्हीं तेवढेंच केलें नाहीं.

नट बिघडतो तो दोन तऱ्हांनीं. बाहेरचे कोपरे झिजून तो वाटोळा होतो, आणि पाना त्यास धरीत नाहीं. किंवा आंतले आटे मोडतात, आणि तो नुसता फिरत राहतो, पण बाहेर येत नाहीं. मिस्त्रीलोक दोहोंसही ‘नट स्लिप झाला’ असेंच म्हणतात. उपाय मात्र निराळे आहेत. कोपरे झिजण्याचें मुख्य कारण म्हणजे सैल मापाचा पाना. याच्या मागें मोठा इतिहास आहे. पूर्वीं प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. इंग्लंडांत जोसेफ व्हिटवर्थ यानें १८४१ सालीं ५५ अंशांच्या कोनाचे आटे सर्वांनीं पाडावेत असें सुचविलें. अमेरिकेंत विल्यम सेलर्स यानें १८६४ सालीं ६० अंशांचा कोन पुढें मांडला. दुसऱ्या महायुद्धांत हीं दोन्ही राष्ट्रें एका बाजूनें लढलीं, परंतु एकाचे नट दुसऱ्याच्या बोल्टांवर बसेनात, आणि त्या त्रासांतून १९४८ सालीं ब्रिटन, अमेरिका व कॅनडा यांनीं एक समाईक माप ठरविलें. आपल्याकडे १९५६ च्या कायद्यानें दशमान मापें आलीं. तेव्हांपासून इंची पाने व मिलिमीटरचे पाने एकाच पेटींत सुखानें नांदत आहेत, आणि नटांचा नाश करीत आहेत. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, तेथें १९ चा पाना खुशाल चालतो. परंतु अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, तेथें १३ चा पाना बसल्यासारखा दिसतो व जोर करतांच घसरतो. एके ठिकाणीं चाललें म्हणून सर्वत्र चालेल, असें मानूं नये.

आतां उरला तो वाटोळा नट आणि मोडका स्टड. संध्याकाळ होत आली होती. आम्हीं मिस्त्रीस म्हटलें कीं, तीन नट शाबूत आहेत. चाक त्यांवरच बसवून दे, हळूहळू घाट चढूं. त्यानें मान हालविली. पांच नटांनीं वाटून घ्यावयाचा भार तिघांवर पडला म्हणजे प्रत्येक वळणावर त्यांस अधिक ताण सोसावा लागतो. त्यांतला एक गेला कीं उरलेल्या दोघांस जाण्यास वेळ लागत नाहीं. आणि पुढें मोलगीच्या वाटेवर देवगोईचा घाट आहे. “तीन नटांवर मी गाडी सोडणार नाहीं,” एवढेंच तो बोलला. आम्हांस त्याचा राग आला, हें कबूल करतों. त्याच भरांत आम्हीं त्यास सांगितलें कीं, मग उद्यां सकाळीं गाडी उभी राहिलीच पाहिजे. मजुरी वाटेल ती घे. त्यानें क्षणभर विचार केला आणि होय म्हटलें. नंदुरबारच्या एका दुकानदारास दूरध्वनी करून डाव्या आट्यांचा स्टड व दोन नट पहिल्या एस. टी. नें पाठविण्यास त्यानें सांगितलें. त्याच्या ओळखीची एक प्रवासी जीप काठीकडे निघाली होती. तींत त्यानें घरच्या बायकामुलांस व पुतण्यास बसवून दिलें. मागें राहिलों आम्ही, बंधु आणि तो.

त्या रात्रीं आम्हीं जें पाहिलें तें क्रमानें सांगतों. प्रथम त्यानें तारेच्या ब्रशानें नट व स्टड घांसून स्वच्छ केले, तेल सोडलें, आणि नटाच्या अंगावर हातोडीनें चोहोंकडून हलके ठोके देऊन अर्धा तास वाट पाहिली. तेलास आट्यांत उतरण्यास वेळ द्यावा लागतो; घाई करणाऱ्याचें तेल फुकट जातें. नंतर कानशीनें नटाच्या बाजू घांसून त्यांस पुन्हां सपाटी आणली, आणि एक माप लहान अशी सहा कोपऱ्यांची गोटी, म्हणजे नटावर टोपीसारखी बसणारा पाना, ठोकून घट्ट बसविली. बारा कोपऱ्यांच्या गोटीपेक्षां सहा कोपऱ्यांची गोटी बरी. कारण ती नटास कोपऱ्यावर न धरतां सपाट बाजूंवर धरते. तीही घसरली. आम्हीं विचारलें, बत्तीनें नट तापवावा काय? तापलेल्या नटाचें भोंक किंचित् रुंदावतें व गंज सुटतो, हें त्यासही ठाऊक होतें. परंतु टायर व ब्रेक यांच्याजवळ ज्योत नेणें वेडेपणा आहे असें त्याचें मत पडलें. अखेर त्यानें छिन्नी घेतली. नटाच्या कडेस आधीं एक खांच पाडली, मग छिन्नी तिरपी धरून सुटण्याच्या दिशेनें बेताचे ठोके दिले. सातव्याआठव्या ठोक्यास नट कुरकुरला आणि फिरला.

आंतले आटे गेलेला नट असता तर, तो म्हणाला, मागून पेचकसाची तरफ देऊन बाहेर ओढीत फिरविला असता. तेवढ्यानेंही न सुटता तर स्टडला समांतर अशी करवत घालून फोडून काढला असता. नट फोडावा, स्टड वांचवावा. कारण नट बदलणें मिनिटाचें काम आहे, आणि स्टड बदलणें रात्रीचें. तें कसें, हें आम्ही पाहतच होतों. मोडका स्टड काढण्यासाठीं त्यास ड्रम व हब उतरावे लागले. टेकड्यांवर ठिकठिकाणीं होळ्या पेटल्या होत्या. ढोलांचा आवाज येत होता. तो मधूनच हात थांबवून ऐके, आणि पुन्हां कामास लागे.

सकाळीं सामान आलें. त्यानें नवा स्टड बसविला, दुसऱ्या स्टडचे दबलेले आटे डायनें साफ केले, आणि चाकाची बैठक पुसून कोरडी केली. नवे नट त्यानें आधीं तीनचार फेरे नुसत्या बोटांनीं फिरविले. बोटांनीं न फिरणारा नट पान्यानें रेटूं नये, तो तिरपा लागलेला असतो. मग एक सोडून एक, या क्रमानें पांचही नट थोडेथोडे आवळले. चाक जमिनीवर टेकवून शेवटचा जोर दिला, आणि शंभर किलोमीटर झाल्यावर पुन्हां पाना लावून पाहण्यास बजाविलें. छिन्नीचा घाव असलेला जुना नट बंधूंनीं उचलला व म्हणाले, “आटे तर चांगले आहेत. अडचणीस राहूं दे.”

मिस्त्रीनें तो त्यांच्या हातांतून काढून घेतला. “बसेल, भाऊ,” तो म्हणाला, “पण पुढें ज्याला तो काढावा लागेल, त्याचे हाल होतील.” आणि त्यानें तो भंगाराच्या डब्यांत टाकला.

मजुरी त्यानें नेहमीचीच घेतली. दहाच्या सुमारास काठीहून मंडळी परतली. मुलें होळीच्या गोष्टी सांगतां थकेनात. सामान गाडींत ठेवतां ठेवतां पुतण्या आम्हांस एकीकडे घेऊन म्हणाला, “काका, तेथें मिस्त्रीचा धाकटा भाऊ भेटला. या वर्षीं त्याचा नवस होता. होळी पेटेपर्यंत तो वाटेकडे पाहत होता; दादा येणार, म्हणत होता.”

आम्ही दुकानाकडे वळून पाहिलें. मिस्त्री हात धूत होता. तीन नटांवर चाक चढवून दिलें असतें, तर संध्याकाळींच त्यास मोकळें होतां आलें असतें. आमच्याच आग्रहाखातर त्याला तें करतां येत होतें. आम्ही परत जाऊन कांहींतरी बोलूं लागलों. त्यानें तें पुरें होऊं दिलें नाहीं. “सांभाळून जा, काका,” म्हणाला, आणि दार ओढून घेतलें.

घरीं आल्यावर पुतण्यानें जीपच्या दोन्ही डाव्या चाकांवर तांबड्या रंगानें बाण काढले आहेत, नट कोणीकडे सुटतो तें दाखविणारे. दर पाडव्यास घरांतील प्रत्येक मुलानें व मुलीनें एक चाक स्वतः उतरवून पुन्हां बसवावें, असाही नेम केला आहे. वाचकांच्या घरीं जीप नसेल, पण मोटार किंवा सायकल असेलच. एखाद्या रविवारीं सवड काढून तिचा एक नट योग्य मापाच्या पान्यानें सोडून पुन्हां आवळून पाहावा. पाना नटावर घट्ट बसतो कीं नाहीं आणि नट कोणीकडे सुटतो, एवढें जरी ध्यानांत राहिलें, तरी एखाद्या सणाच्या संध्याकाळीं दुसऱ्या कोणास आपल्यासाठीं मागें राहावें लागणार नाहीं.